सारसाच्या पोटातला भूसा

आमच्या गल्लीतल्या बायकांना मी काय काम करते हे आजपर्यंत नीट कळलेलं नाही. दुकानाचं सामान टेम्पोतून उतरताना दिसलं की समोरच्या वहिनी विचारतात, यावेळी भंगार बरंच मिळालं वाटते? मीही हो म्हणून टाकते. गोंदियात तांदूळ विकणारा माणूस असतो, बिडीपत्ता विकणारा असतो, साड्या विकणारा असतो. बारा महिने पितळी बैल अन् कांस्याचे हत्ती विकून कुणाचं पोट भरते यावर इथं कोणाचा विश्वास नाही. खरं सांगायचं तर कधीकधी माझाही नसतो.

संपादकांनी धंद्यातले अनुभव लिहा म्हणून गळ घातली. सुरुवात कशी झाली, मग दुकान कसं वाढलं, हे काही मी लिहिणार नाही, कारण दुकान वाढलंच नाही. स्टेशनपासून पायी जाता येईल अशा जागी होतं, तिथंच आहे. धंदा सुरू झाला बुद्धमूर्तींपासून, एवढं सांगते. आमच्या समाजाचे गावोगावी विहार उभे राहत होते आणि प्रत्येक कमिटीला धातूची मूर्ती पाहिजे असायची. एकदा सडक अर्जुनीकडची एक कमिटी चौथऱ्याच्या मापाची सुतळी घेऊन आली. पुरुषमंडळी धातू कोणता, वजन किती, पॉलिश किती वर्षं टिकते, असलं सगळं विचारत बसली. त्यांच्यासोबत एक म्हातारी आजी होती. ती दुकानभर फिरली, प्रत्येक मूर्तीसमोर जराशी थांबली आणि एका मूर्तीपाशी येऊन म्हणाली, "हा पाहून राहिला." बस्स. तीच मूर्ती गेली. मूर्ती कशी निवडायची हे मी त्या आजीकडून शिकले, आणि पुढं मोठमोठ्या लोकांना तेच शिकवून सल्ल्याचे पैसे घेतले.

बाकी गिऱ्हाइकं म्हणाल तर नमुने एकाहून एक. एका ठेकेदाराला घोडा पाहिजे होता, पण चारही पाय उचललेला. मग तो उभा कशावर राहणार हे त्याला समजावता समजावता माझा चहा थंड झाला. एका डॉक्टरीणबाईंना नटराज फार आवडला, पण तो शोकेसमध्ये बसेना, तर म्हणाल्या, वरचा गोल काढून मिळेल का? काढून दिला असता तर उरलेला माणूस नुसताच लंगडी घालत राहिला असता. एका गुरुजींनी मात्र पगारातून बाजूला काढून काढून एक छोटीशी हत्तीण नेली आणि दर दिवाळीत तिला भेटायला ये म्हणून मला आमंत्रण देतात. असं गिऱ्हाईक भेटलं की वर्षभराचा शीण उतरतो.

धातूचं थोडं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. तांब्यात कथील मिसळलं की कांसं होते, जस्त मिसळलं की पितळ. बाजारात मात्र जे काही काळपट अन् महाग असेल त्याला ब्राँझ म्हणतात. आमच्या भागातलं जुन्या पद्धतीचं ओतकाम असं असते: आधी मातीचा गाभा करायचा, म्हणजे मातीचाच बैल समजा. त्या मातीत भाताचा भूसा कालवतात. गाभा वाळला की त्याच्यावर मेणाचे दोरे गुंडाळून सगळी नक्षी करायची. वरून परत मातीचा लेप. भट्टीत घातलं की मेण वितळून निघून जाते आणि त्याच्या जागी तापलेला धातू उतरतो. वरची माती फोडली की झाला बैल. आतला गाभा मात्र आतच राहतो. धातू म्हणजे वरची साल फक्त. हे गिऱ्हाइकाला आधी सांगावं लागते, नाही तर घरी नेऊन हलवून पाहतो आणि आत काहीतरी खडखडते म्हणून परत घेऊन येतो.

आता किसनलालशेठ. राइस मिलवाले. फुलचूरला त्यांनी नवीन बंगला बांधला आणि रायपूरच्या कुण्या व्याह्याच्या दिवाणखान्यात ब्राँझच्या मूर्त्या पाहून आले. झालं! दुसऱ्या दिवशी गाडी माझ्या दुकानासमोर. शेठचं पहिलं वाक्य होतं, "मॅडमजी, किलो का क्या भाव है?" मी म्हटलं, शेठजी, किलोनं घ्यायचं असेल तर पलीकडच्या गल्लीत भांडेवाले आहेत. शेठ रागावले नाहीत, खुर्ची ओढून बसले. तेव्हापासून मी त्यांची सल्लागार. काय घ्यावं, काय घेऊ नये, कुठं ठेवावं, एवढंच माझं काम. वस्तू माझ्या दुकानातलीच असली पाहिजे अशी अट मी कधी घातली नाही, म्हणून ते माझं ऐकत. म्हणजे निम्मं ऐकत.

मूर्ती हातात आली की शेठ आधी बोटाच्या पेराने वाजवत, मग मिलच्या काट्यावर ठेवत, मग माझ्याकडे पाहत. त्यांचं बरोबरच होतं, सारी जिंदगी पोत्यांच्या थप्पीत गेली. पोत्यात परखी खुपसायची, म्हणजे ती टोकदार नळी, चार दाणे बाहेर काढायचे, पांढऱ्या थाळीत अंगठ्यानं पसरायचे आणि एका नजरेत भाव सांगायचा. मी त्यांना म्हणायची, मूर्तीला परखी नसते शेठजी, मागून पाहायचं. पुढून सगळ्याच छान असतात. ज्यानं पाठ मन लावून केली तो खरा कारागीर. हे मात्र त्यांना पटलं. त्यानंतर ते कुठंही गेले की मूर्तीच्या मागं जाऊन उभे राहत, लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा.

एक गोष्ट मात्र काही केल्या त्यांच्या गळी उतरेना. त्यांना जुनंच पाहिजे असे. "नया तो बाजार में भी मिलता है." माझी तिथंच अडचण होती, कारण माझ्या डोक्यात बुधरामजी होते.

बुधरामजी सालेकसा तालुक्यातले ओतारी. हद्दीवरचं गाव, पलीकडं छत्तीसगड. माणूस गर्विष्ठ, तिरसट, बोलायला लागला की समोरच्याची सालटी काढणारा. जिल्ह्यात आपल्यासारखा ओतारी नाही असं ते स्वतःच सांगत, आणि पंचाईत अशी की ते खरं होतं. मी त्यांचे बैल, वाघ, दिवे वर्षानुवर्षं विकले. पण अलीकडं साच्यातला यंत्राचा माल इतका आला की त्यांचा एक बैल माझ्या दुकानात दोन-दोन दिवाळ्या पाहू लागला. गेल्या खेपेला गेले तर बुधरामजी पाठ करून बसलेले आणि त्यांची बायको फुलवंताबाई अंगणात उखळात भूसा कुटत होती. एक मनगट फडक्यानं बांधलेलं. मला जरा बाजूला घेऊन तिनं सांगितलं, पोरगा रायपूरला बोलावून राहिला. एका कॉलनीच्या गेटावर बुढ्यासाठी जागा लावली आहे. खुर्ची अन् शिट्टी मिळते. दिवाळीपर्यंत एखादं मोठं काम नाही आलं तर भट्टी बुजवायची अन् जायचं, असं ठरलं आहे.

"बुढा गेटावर बसन, बाई," ती म्हणाली, "पण जास्त दिस नाइ बसन."

तिला काय म्हणायचं होतं ते मला समजलं. मी तिला शब्द देऊन आले होते की शेठला घेऊन येते. शेठला सांगितलं तर ते हसले. जिवंत माणसाचं काम काय घ्यायचं, आपण मेल्यावर नातवंडं घेतील, म्हणाले.

आणि नेमका तेव्हाच सारस आला.

एका बड्या शहरातले एक गृहस्थ शेठकडं आले, आणि शेठनं मलाही बोलावून घेतलं. झुळझुळीत कुर्ता, बोटात अंगठ्या, बोलणं असं की लोणी लाजावं. त्यांनी मखमलीतून सारस काढला. आमच्या जिल्ह्यात हा पक्षी धानाच्या बांधीत, तळ्याच्या काठी जोडीनं फिरतो, सगळ्यांच्या ओळखीचा. हा दीड हात उंच, मान खाली झुकवून काहीतरी ऐकत असल्यासारखा उभा. अंग काळं, खाचांमध्ये हिरवट पोपडा, पंखाखाली एक बोटभर भोक. गृहस्थ म्हणाले, गोंडराजाच्या वाड्यातला आहे, कैक पिढ्यांपूर्वीचा, आणि हे भोक म्हणजे काळाची खूण.

खोटं कशाला बोलू, मलाही सारस आवडला. मी मागं जाऊन पाहिलं तर पाठ पुढच्यापेक्षा सुंदर. मानेचा तो वळसा मला कुठंतरी ओळखीचा वाटत होता, पण बैल अन् वाघ पाहिलेल्या माझ्या डोळ्यांना पक्ष्यात तो सापडेना. मात्र तो हिरवा पोपडा मला आवडला नाही. खरा जुना गंज धातूतून येतो, हा वरून लावल्यासारखा होता. शेठला मी सांगितलं की घाई करू नका. खरंच शंभर वर्षांवरचा असेल तर सरकारदरबारी नोंद लागते, ती कुठं आहे? आणि तेवढा जुना नसेल तर हा भाव कशाचा? दोन्हीकडून आपणच फसतो.

शेठला राग आला. पहिल्यांदाच. तोंडानं म्हणाले नाहीत, पण त्यांच्या मनात आलं ते मला दिसलं, की बाईला आपला ओतारी खपवायचा आहे. मला फार लागलं ते. खपवायचा तर होताच, पण खोटं बोलून नव्हे. शेठनं गृहस्थांना बयाणा दिला, सारस ठेवून घेतला, आणि बंगल्यात त्याच्यासाठी काचेची पेटी बनवायला टाकली. या वर्षाची खरेदी यात संपली, असं मला निरोपानं कळवलं. म्हणजे बुधरामजींची भट्टी बुजणार, हे ठरलं.

तरी मी एकदा शेवटचं सांगून पाहावं म्हणून मिलवर गेले. तो कारखाना म्हणजे काय सांगू, बोलायला लागलं तर ओरडावं लागते आणि डोक्याचे केस भूशानं पांढरे होतात. शेठच्या ऑफिसात टेबलावर नमुन्याच्या पांढऱ्या थाळ्या आणि त्यांच्यामध्ये सारस. शेठनं त्याला परत काट्यावर ठेवायला आणलं होतं. जित्याची खोड! पण चेहरा उतरलेला. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी थाळी माझ्यापुढं सरकवली. उचलताना भोकातून चिमूटभर माती सांडली होती.

"मॅडमजी, इसमें तो मिट्टी भरी है. वजन बढाया है."

मला हसू आवरेना. एवढी वर्षं मी घसा फोडून सांगितलेलं की गाभा मातीचाच असतो, ते त्यांनी दुसऱ्याच्या बैलाबद्दल ऐकलं होतं, आपल्या सारसाबद्दल नाही. ज्या माणसानं आयुष्यभर धानातले खडे काढले त्याला आपल्या वस्तूत माती दिसली म्हणजे भेसळच वाटणार. मी म्हटलं, शेठजी, माती असणारच, नसती तर मी घाबरले असते. ते ऐकेनात. मग मी म्हटलं, तुमची परखी कुठं आहे? पोतं समजा याला, पाहा आत काय माल आहे ते.

मी चिडून बोलले होते. त्यांनी ते मनावर घेतलं. पोती शिवायचं दाभण घेऊन भोकातून जपून गाभा खरवडला. मातीची ढेकळं थाळीत पडली. कोळशासारखी काळी, पण आतल्या भूशाचा आकार जसाच्या तसा. सवयीनं त्यांनी अंगठ्यानं ती पसरली, आणि अंगठा तिथंच थांबला. चष्मा पुसला. परत पाहिलं. दाराशी उजेडात नेऊन पाहिलं. मी काही समजले नाही. मला वाटलं, किडा-मुंगी निघाली.

"ये तो शेलर का भूसा है," ते म्हणाले.

मग मला समजावून सांगितलं. उखळात कुटलेला भूसा फाटतो, चुरतो. जुन्या लोखंडी हलरमधून, म्हणजे धान भरडायच्या यंत्रातून, निघालेला तर पिठासारखा बारीक होतो. रबराच्या रोलवालं नवं यंत्र, शेलर, आलं तेव्हापासून दाणा अलगद सोलतो आणि भूसा पाचोळ्यासारखा सुटतो, होडीच्या आकाराचा, अख्खा. थाळीतल्या काळ्या मातीत त्या होड्याच होड्या होत्या. वडलांच्या वेळेला मिलमध्ये हलर होतं, शेलर शेठनं स्वतः बसवलं होतं, नारळ त्यांनीच फोडला होता.

"मॅडमजी, ये चिड़िया मुझसे छोटी है."

एवढं बोलून ते खुर्चीत बसले. बाहेर यंत्र धडधडत होतं. मला आधी आनंद झाला, की माझं खरं निघालं, आणि मग त्यांच्याकडं पाहून वाईट वाटलं. पासष्टी ओलांडलेला माणूस, त्या सारसाला रोज सकाळी एकदा पाहिल्याशिवाय नाश्ता करत नव्हता. आता त्याच्याकडं पाठ करून बसला.

मी म्हटलं, "शेठजी, कालपर्यंत आवडत होता ना? एका दिवसात मान वाकडी झाली का त्याची?"

माझं मात्र डोकं चालायला लागलं. शेलरचा भूसा म्हणजे मिलांचा मुलूख. म्हणजे आमचाच भाग. आमच्या भागात असा पाठीवर जीव लावणारा माणूस किती? एकच. मानेचा वळसा आता आठवला. बुधरामजींचा बैल मागं वळून शेपटीकडं पाहतो, त्याच्या मानेला तोच वळसा आहे. मी उभी राहिले आणि शेठला म्हटलं, गाडी काढा.

शेठनं आधी त्या गृहस्थांना फोन लावला. भूशाचं नाव काढल्याबरोबर लोण्यासारखं बोलणं पार आटलं. बयाण्यातच ठेवून घ्या, गैरसमज नको, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला, तो परत कधी उचलला नाही.

आमगाव मागं पडलं की रस्ता चांगला आहे, तरी शेठ वाटभर गाडी हळू चालवायला सांगत होते. सारस त्यांच्या मांडीवर, टॉवेलात गुंडाळलेला. बुधरामजी अंगणातच होते. मी ओळख करून दिली. त्यांनी शेठकडं पाहिलंसुद्धा नाही. टॉवेल बाजूला झाला तसे ते उठले, सारसाला हात न लावता त्याच्याभोवती एक चक्कर मारली, आणि घरात निघून गेले. मला वाटलं, झालं, रुसले. पण ते बाहेर आले ते हातात लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. फडकं सोडलं. दुसरा सारस. हा मान वर करून हाका मारणारा. दोघांना त्यांनी जमिनीवर शेजारी ठेवलं. एक हाका मारतो, दुसरा मान झुकवून ऐकतो. आता कुठं समजलं, तो इतके दिवस काय ऐकत होता ते.

मग फुलवंताबाईनं सगळं सांगितलं. जोडा केला होता. एक साधला, एक बिघडला. बिघडलेला मोडून परत ओतायचा म्हणून कोपऱ्यात टाकला होता. पोरगा रायपूरला निघाला तेव्हा घरातलं भंगार विकून गेला, त्यात हाही गेला. बुढ्यानं तेव्हापासून सारस केला नाही. उरलेला कोणाला दाखवलाही नाही, कारण आमच्याकडं सारसाचा जोडा तोडत नाहीत, पाप समजतात. एकटा कसा विकायचा?

शेठनं विचारलं, बिघडला म्हणजे काय? बुधरामजींनी पंखाखालच्या भोकात बोट घातलं.

"हा नापास आहे, शेठ. इथं धातू पोचलाच नाइ."

ज्या भोकाला आम्ही काळाची खूण म्हणून काचेत ठेवायला निघालो होतो ते हे. मला वाटलं, शेठ आता हसतील किंवा चिडतील. त्यांनी अगदी वेगळंच केलं. व्यापाऱ्याच्या हुशारीनं विचारलं, पोचला का नाही? तर बुधरामजी म्हणाले, भूशानं. त्या वर्षी गावातलं हलर बंद पडलं. बारीक भूसा मिळेना. म्हणून गाडीनं गोंदियाला जाऊन एका मोठ्या मिलमधून पोतं भरून आणलं. तो अख्खा भूसा मातीत मुरतच नाही, मधात हवा धरते, गाभा फुगते अन् धातूची वाट अडते. तेव्हापासून फुलवंता हातानं कुटून राहिली. आता तिच्यानंही होत नाही.

"कौनसी मिल?" शेठनं विचारलं.

"ते हिरव्या गेटाची. स्टेशनाच्या पल्याड."

मी खाली पाहिलं. गोंदियात स्टेशनाच्या पलीकडं हिरव्या गेटाची मिल एकच आहे, आणि तिचा मालक माझ्या शेजारी उभा होता. शेठ बराच वेळ फुलवंताबाईच्या बांधलेल्या मनगटाकडं पाहत होते. मग त्यांनी हात जोडले. कोणाला जोडले ते मला सांगता येणार नाही, सारसाला की तिला.

मी व्यवहाराचं बोलायला पुढं झाले. शेठ म्हणाले, दोन्ही सारस घेतो, खाली बुधरामजींचं नाव पितळी पट्टीवर लावतो. मला वाटलं आता बुढा खूश होईल. तो भडकलाच.

"माहं नाव लावतो म्हनता, अन् नापासावर लावता? काऊन? मी मेलो काय?"

शेठ म्हणाले, मला हाच आवडतो, असाच राहू द्या. बुधरामजी म्हणाले, तुमाले आवडते, मले नाइ आवडत. माझ्या घरातून नापास माल बाहेर जात नाही, हा चुकून गेला. मोडायचा, त्याच धातूतून परत ओतायचा, मग जोडा न्या. आणि ज्याला पाहिजे त्यानंच मोडायचा, असा आमच्या बापाचा नेम आहे. असं म्हणून त्यांनी शेठच्या हातात घण दिला.

माझ्या सगळ्या धंद्यात मी शेठला एकच गोष्ट शिकवली नव्हती, ती ही. घेणं शिकवलं, पारखणं शिकवलं, ठेवणं शिकवलं. शेठ घण घेऊन उभे राहिले. बुढा हट्टी, शेठही हट्टी. घण खाली ठेवला असता तर सारस वाचला असता, काचेच्या पेटीत गेला असता, आणि भट्टी बुजली असती. शेठच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. त्यांनी एकदा सारसाच्या मागं जाऊन पाठ पाहून घेतली. मग घण मारला. झुकलेली मान वेगळी झाली आणि आतून काळी माती अंगणात सांडली, आमच्याच गोंदियाच्या भूशाची.

पुढचं लवकर सांगते. मिलच्या मागच्या गोदामात शेठच्या वडलांचं हलर गंजत पडलं होतं, पट्टे कुरतडलेले, भंगारात द्यायचं म्हणून बाजूला काढलेलं. ते दुरुस्त करायला जितका खर्च आला तितक्यात मी त्यांना एक बरी मूर्ती घेऊन दिली असती, पण सल्ला मागितला नव्हता म्हणून गप्प बसले. हलर सुरू झालं त्या दिवशी शेठ स्वतः तोंडाशी उभे होते. रव्यासारखा बारीक भूसा ओंजळीत घेऊन त्यांनी थाळीत पसरला, अंगठ्यानं, अन् मला म्हणाले, पास? मी म्हटलं, मला काय समजते, मी तर मूर्त्यांची बाई. पोतं त्यांनी आपल्या गाडीच्या डिकीत टाकून नेलं. फुलवंताबाई नंतर मला म्हणाली, "मुसळ आता कोन्यात ठेवलं, बाई." शिट्टी-खुर्चीसाठी पोरानं दुसरा माणूस पाहिला. दिवाळी भट्टीपाशीच झाली.

मला एक खंत आहे, ती सांगते. असे किती सारस पोरांनी भंगारात दिले असतील, किती कुण्या राजाच्या नावानं काचेत बसले असतील, मी काही सांगू शकत नाही. बनवणारा जिवंत असताना आम्ही त्याचा भाव किलोनं विचारतो आणि तो गेला असं वाटलं की पेटी करायला टाकतो.

परवा फुलचूरला शेठच्या घरी नागपूरचे कोणी मोठे पाहुणे आले होते, मलाही बोलावलं. काचेची पेटी काढून टाकली आहे. उघड्या चौथऱ्यावर जोडा उभा आहे, एक हाका मारतो, दुसरा ऐकतो. नवा जुन्याहून देखणा झाला, हे बुधरामजींसमोर बोलायची सोय नाही, डोक्यावर बसतील. पाहुणे दोन पावलं मागं जाऊन, मान तिरपी करून पाहत होते. बरंच पाहून झाल्यावर त्यांनी तोच सवाल विचारला, जो सगळेच विचारतात. कितना पुराना है?

"इसी साल का है," शेठ म्हणाले. "सालेकसा के बुधरामजी ने बनाया."

पाहुण्यांचा चेहरा जरा पडला. शेठनं तिकडं लक्षच दिलं नाही. त्यांनी ऐकणाऱ्या सारसाच्या पाठीवर तळवा ठेवला, पोत्यावर ठेवतात तसा, आणि छाती पुढं काढून म्हणाले, "और अंदर का भूसा मेरा है."